बसलं की टोचतं

ठकी जिना उतरत होती आणि तिच्या अंगातला फ्रॉक उलटा होता. खालच्या मजल्यावर आत्या कामाला निघताना दाराला कुलूप लावत होती. किल्ली कुलपात तशीच राहिली. आधी तिला वाटलं, घाईत घातला गेला असेल. सकाळची वेळ, भावजयीचे दिवस भरत आलेले, वाकून सरळ-उलटं बघायला तिला तरी कुठे होतंय. पण मानेमागच्या नाडीचं फूल नीट, दोन्ही पाकळ्या सारख्या करून बांधलेलं होतं. म्हणजे हे चुकून झालेलं नव्हतं, ठरवून केलेलं काम होतं. ठकी एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होती, आणि तिच्या पोटावर, जिथे आत्याने कितीतरी रविवारच्या दुपारी घालवून एक गोगलगाय भरली होती, तिथे आता गोगलगाईची मागची बाजू होती. नुसत्या गाठी आणि नुसती दोऱ्यांची ओढाताण. शंख कुठला आणि शिंगं कुठली, काही कळू नये.

“टोचतं म्हणते,” कठडा धरून मागून उतरणारी भावजय म्हणाली. “सरळ घालायला गेले तर रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी म्हटलं, जा बाई उलटी.”

“टोचतं? मी शिवलेलं?”

“नखरे हो नुसते. तुमच्यावर गेलीय, वन्सं.” भावजय एरवी तिला ताई म्हणायची. वन्सं म्हणायची ती चिडवायचं असलं की, नाहीतर लाडात आली की.

“बसलं की टोचतं,” ठकी म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. समोरच्या दारातले निवृत्त मास्तर भाजीची पिशवी घेऊन वर येत होते, ते म्हणाले, “वा, नवी फॅशन वाटतं!” आणि सगळे हसले. आत्याही हसली. हसताना तिची नजर मात्र त्या गाठींवरून हलली नाही.

बस येईपर्यंत आणि बसमध्ये बसायला जागा मिळाल्यावरही ती मागची बाजू तिच्या डोळ्यांपुढून जाईना. लोकांना वाटतं, भरतकाम म्हणजे पुढची बाजू. आत्याच्या आईने पुढची बाजू पाहिलीच नसती. कुणाचंही काम हातात आलं की आई ते आधी उलटं करायची. शेजारणी तिला काम दाखवायला यायच्या त्याच मुळी भीतभीत. “पुढून सगळ्याच हुशार,” असं म्हणून आई कापड खिडकीकडे धरायची, आणि समोरचीचा चेहरा उतरायचा. आत्याने लहानपणी भरलेला पहिला रुमाल आईने असाच खिडकीकडे धरला होता. कात्रीने सगळा उसवला आणि दोरा बोटाला गुंडाळून ते वेटोळं परत तिच्या हातात ठेवलं. तेव्हा तिने आईशी अबोला धरला होता आणि जेवायची वेळ झाल्यावर सोडला होता. पण मग हात असा बसला की तिच्या कामाची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते शोधूनही सापडू नये. लग्न करायचं राहून गेलं म्हणा किंवा केलं नाही म्हणा, आत्या दोन्ही म्हणायची, विचारणाऱ्याचा सूर पाहून. पण नात्यागोत्यातलं एकही मूल असं नव्हतं, ज्याने तिच्या हातचं झबलं घातलं नाही. बारशाला, वाढदिवसाला, कुणी आजारातून उठलं की, आत्याच्या हातचं काहीतरी यायचंच. मुलं वाढत, कपडे आखूड होत, धाकट्यांकडे जात, शेवटी त्यांची फडकी होत. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. कपडा त्यासाठीच असतो. फक्त फडक्यालासुद्धा मागून गाठ दिसता कामा नये, एवढाच तिचा अहंकार होता, आणि तो बऱ्यापैकी मोठा होता. आणि आज भर सकाळी, जिन्यात, मास्तरांच्या देखत मोहरीएवढाल्या गाठी. एका दोऱ्याचं शेपूट तर कापायचंच राहिलेलं. हे आपल्या नजरेतून सुटलं कसं, असं तिने स्वतःला विचारलं. आणि खरं म्हणजे नजरेने हे काम ती कधी करतच नव्हती. मागच्या बाजूवरून बोटं फिरवायची, बोटं सांगायची. तिने उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासून पाहिला. मधे जाडसर कागद ठेवल्यासारखं वाटलं. उतरताना तिने बसचा दांडा धरला तेव्हा तो गार लागला, पण फक्त तळहाताला, बोटांना नाही.

हे आजचं नव्हतं. छापखान्यात ती बांधणी विभागात होती. छापून, दुमडून आलेले पानांचे जुडगे, म्हणजे फर्मे, ओळीने मांडलेले असत आणि त्यातला एकेक क्रमाने उचलत टेबलाभोवती चालायचं, की फेरी संपेपर्यंत हातात पुस्तक तयार. डोळे मिटून करण्यासारखं काम, आणि ती ते जवळजवळ तसंच करत आली होती. पण गेल्या हिवाळ्यात एका पुस्तकात एकच फर्मा दोनदा गेला. दोन एकदम उचलले गेले होते आणि बोटांनी काही सांगितलंच नव्हतं. विभागप्रमुखांनी ते पुस्तक वर धरून म्हटलं होतं, “ताईंना वाटलं असेल, वाचकाला एवढा भाग फार आवडेल,” आणि टेबलाभोवतीचे सगळे खो-खो हसले होते. तेव्हाही ती हसली होती. कागद हल्ली गुळगुळीत येतो, म्हणाली होती. सुया हल्ली फार बारीक येतात, असंही ती म्हणायला लागली होती. दोरा ओवायला दोनदा-तीनदा प्रयत्न करावे लागले की दिवा बारीक झालाय म्हणायची. बटण हातातून निसटून पलंगाखाली गेलं की बटणाला नावं ठेवायची. एकेक गोष्ट वेगळी ठेवली तर तिचं काहीच होत नव्हतं. त्या सगळ्या एका ठिकाणी मांडायच्या नाहीत, एवढी काळजी ती घेत होती.

दुपारचा डबा खाऊन ती बाजूच्या उंच स्टुलावर बसली आणि बसता बसता तिला ठकीचा आवाज ऐकू आला. बसलं की टोचतं. सकाळी जिन्यात तो शब्द कानावर पडून गेला होता, आता तो आत शिरला. भरतकाम टोचत असेल तर ते उभं असताना टोचेल, धावताना टोचेल, घालता क्षणी टोचेल. बसलं की का? तिने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. बसलं की कापडाला कमरेशी घडी पडते आणि घडी आत वळते.  दुपारचं काम तिने उभ्यानेच आणि एकेक फर्मा डोळ्यांनी पाहून केलं, आणि सगळ्यांच्या मागे पडली.

घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता ती वर गेली. फ्रॉक धुवायच्या टोपलीत होता. तिने तो उलटा केला आणि गोगलगाईवरून अंगठा फिरवला, तर्जनी फिरवली, दोन्हींमध्ये धरून दाबला. काही नव्हतं.

“बोटानं नाही,” ठकी म्हणाली. ती जमिनीवर ठोकळे लावत बसली होती, वर न बघता म्हणाली. “बसून बघ.”

“आत्या मावेल का तुझ्या फ्रॉकात?” भावजय हसली. “तुम्ही कशाला मनाला लावून घेता, ताई? उन्हाळ्याचं घामोळं उठलंय तिच्या पोटावर, म्हणून चुरचुरत असेल. मी पावडर लावतेय ना रोज.”

“बघू.”

ठकीने विनातक्रार सदरा वर केला. बेंबीच्या बाजूला लाल ठिपके होते. घामोळं कसं, पसरलेलं असतं, मानेत असतं, काखेत असतं. हे ठिपके एकाच ठिकाणी होते, एकाशेजारी एक, कुणीतरी तिथे थांबून थांबून केल्यासारखे.  फ्रॉक घेऊन आत्या खाली आली आणि खिडकीशी बसली. बाहेर अजून पुरेसा उजेड होता. समोरच्या गॅलरीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. तिने फ्रॉकला कमरेपाशी घडी घातली, पोर बसल्यावर पडेल तशी, आणि मग तिला आईची ती जुनी सवय आठवली. बाळाच्या कपड्याला बोटांचा भरवसा नाही, असं म्हणून आई शेवटी कापड वरच्या ओठावरून फिरवायची. नाकाखालची ती जागा कामाने कधी निबर होत नाही म्हणायची. आत्याने हे सोडून दिलं होतं. बोटांवर तिचा केवढा विश्वास. तिने घडी ओठाला लावली आणि हळूच सरकवली. शंखाच्या मधोमध आली तेव्हा झिणकन डोळ्यांत पाणी आलं.

सुईचं टोक होतं. शंखासाठी तिने तपकिरी कापडाचा गोल वरून लावला होता आणि त्यावर साखळी टाका आतआत फिरवत नेला होता. त्या दोन कापडांच्या मधे ते आडवं पडलेलं होतं. एरवी निवांत, आणि घडी पडली की मागच्या बाजूने डोकं बाहेर काढणारं. तिने चिमट्याने ते ओढून बशीत टाकलं. इतकं लहान की बशीवरचा ओरखडा वाटावा. मग तिने कपाटातली मोडक्या सुयांची डबी काढली, कारण तो रविवार तिला आता लख्ख आठवत होता. जाड भागातून ओढताना सुई कट्कन मोडली होती. सुई मोडली की दोन्ही तुकडे बशीत जुळवून पाहायचे आणि मगच पुढचा टाका, हा घरातला नियम. तो मोडायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिने जमीन चाचपून टोक शोधलं होतं, सापडलंही होतं, आणि नेढ्याचा तुकडा व ते टोक चिमटीत एकमेकांना टेकवून, जुळलं, असं म्हणून डबीत टाकलं होतं. बशीत नाही, चिमटीत. आता तिने तिन्ही तुकडे बशीत ओळीने मांडले. फ्रॉकातलं टोक नेढ्याला बेमालूम बसलं. जमिनीवर सापडलेलं टोक जुन्या कुठल्यातरी टाचणीचं होतं, काळपट, दुप्पट जाड. आंधळ्यालाही फरक कळावा. तिला मात्र कळला नव्हता.

पुढच्या खोलीत अंधारू लागलं तरी ती दिवा न लावता बसून राहिली. कुणाला काही सांगायची गरज नव्हती. शेपूट कापायचं, गाठी सारख्या करायच्या, इस्त्री फिरवायची आणि सकाळी नेऊन द्यायचा, आता नाही टोचणार म्हणून. ठकी सरळ फ्रॉक घालेल, पोटावरचे ठिपके जातील, भावजय म्हणेल पावडरचा गुण. शिलाई मशीनखाली, पायाशी, कापडी पिशवी होती. तिच्यात धुऊन धुऊन दुधाच्या सायीसारखं मऊ केलेलं मलमल होतं, येणाऱ्या बाळाच्या झबल्यांचं; दोन बेतून कच्चे टाके घालून झाले होते. ठकी चालती-बोलती आहे, टोचलं तर फ्रॉक उलटा करून घालते. ते बाळ काय करेल? रडेल. आणि चौघेजण त्याच्यावर वाकून म्हणतील, भूक लागली असेल, पोटात दुखत असेल, झोप आली असेल. आपणही म्हणू. हा विचार आल्यावर ती उठली. पण लगेच दाराकडे गेली नाही. हे एकदा वर जाऊन सांगितलं की ती पिशवी गेली, हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि पिशवी गेली की मग आपण या घराच्या कोण? सणावारी जेवायला बोलवायची, औषधं वेळेवर घेतेस ना विचारायची एक बाई. तिला स्वतःची फार कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला. ओठावर रक्ताचा ठिपका सुकला होता, तो तिने जिभेने चाटला. एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन ती जिना चढली.

भावजयीने बशी दिव्याखाली धरली. भाऊही वाकला. “एवढंसं तर आहे,” तो म्हणाला, “ताई, तू पण ना. आपण लहानपणी काय काय गिळलं.” त्याच्या विनोदाला कुणी हसलं नाही. आत्याने बोटांचं सगळं सांगितलं, फर्म्याचं, बटणांचं, चिमटीत जुळवलेल्या तुकड्यांचं.  भावजय ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिने ठकीला जवळ ओढून तिचं पोट हाताने झाकलं होतं.

“इतके दिवस ती सांगत होती,” भावजय म्हणाली, “आणि मी तिच्यावर ओरडत होते.”

“सगळ्यांनाच सांगत होती.”

“बाळाचे कपडे मी विकतच आणते.” ती ताई म्हणाली नाही आणि वन्संही म्हणाली नाही. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. आत्याने पिशवी खुर्चीवर ठेवली, मान हलवली आणि खाली आली.

मग जे व्हायचं ते झालं. डॉक्टरांनी मनगटावर टिचक्या मारून पाहिल्या, शीर दबलीय म्हणाले, पट्टा बांधायला दिला. बोटांतली जाण परत येईल. सगळी येईलच असं नाही. सुईचं काम बेताने करा. छापखान्यात तिने विभागप्रमुखांना स्वतः जाऊन सांगितलं, आणि तिला फर्म्यांवरून काढून तयार पुस्तकं तपासायच्या टेबलावर बसवलं गेलं, जिथे डोळे पुरत होते. संध्याकाळी ती घरी यायची आणि मशीनवरचं आवरण झटकून पुन्हा घालायची. वरून ठकीच्या धावण्याचे आवाज येत. भाऊ येता-जाता डोकावून पट्टा घातलास का विचारायचा. भावजय जिन्यात भेटली की जेवलात का म्हणायची, आणि आत्या हो म्हणायची. आत्याला झोप लागायची, जेवणही जायचं. फक्त हात मांडीवर कसे ठेवायचे ते तिला कळेनासं झालं होतं.

एका रविवारी दुपारी दार वाजलं. भावजय एका हाताने कठडा आणि एका हाताने पिशवी धरून उभी होती, धापा टाकत. तिच्यापुढे ठकी, फ्रॉक सरळ.

“दुकानातले कपडे बघायला गेलो होतो,” भावजय आत येऊन खुर्चीत टेकत म्हणाली. “हिनं एकेक उलटा करून गालाला लावला. मग बसून गालाला लावला. मानेपाशी चिठ्ठी, काखेत जाड शिवण. सगळेच्या सगळे नापास. दुकानदार माझ्याकडे बघतोय, मी छताकडे.” ती थोडी हसली आणि मग हसायची थांबली. “मी विचार केला. तुमच्या हाताला कळत नाही. पण तुम्ही येऊन सांगितलंत. दुकानातला कुणी येऊन सांगणार नाही.” तिने पिशवी मशीनवर ठेवली. “दोनच करा. पट्टा घालून. आणि ही पास करेल तेच अंगाला लागेल, वन्सं.”

 पाणी आणते म्हणून आत्या आत गेली आणि नळ उगाच बराच वेळ सोडून ठेवला.

दोन्ही झबली पुढच्या रविवारी तयार झाली. बाह्या, नाड्या आणि कडेला बारीक धावदोरा, बस्स; गोगलगाय नाही, काही नाही. खिडकीशी दोघी बसल्या, मागे पलंगावर भावजय पाय वर घेऊन. ठकीने पहिलं झबलं हातात घेतलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“हे उलटं आहे.”

“तान्ह्या बाळाचं असंच शिवतात. शिवण बाहेर, मऊ बाजू आत. म्हणजे त्याला काही टोचत नाही.”

“माझ्यासारखं,” ठकी म्हणाली.

“तुझ्यासारखं.”

ठकीने डोळे मिटले आणि झबलं गालाला लावून हळूहळू ओढायला सुरुवात केली. गळा झाला. एक बाही झाली, दुसरी झाली. दुसऱ्या काखेपाशी ती थांबली, थोडी मागे गेली, पुन्हा तिथेच आली. “इथे,” ती म्हणाली.

आत्याने झबलं घेऊन ती जागा वरच्या ओठावरून फिरवली. सरळ, आडवी, घडी घालून. मग उजेडाकडे धरून भिंगातून पाहिली. टाके एकसारखे होते, गाठ नव्हती, शेपूट नव्हतं, काही म्हणजे काहीच नव्हतं. “अगं, उगाच काहीतरी सांगू नकोस आत्याला,” भावजय पलंगावरून म्हणाली.  ठकीने एकदा आईकडे आणि मग आत्याकडे पाहिलं. जिन्यात सगळे हसत होते तेव्हाही ती अशीच पाहत उभी असणार, असं आत्याला वाटलं.

तिने कात्री घेतली आणि काखेची सगळी शिवण उसवली. दोरा ओढून काढला, कापड झटकलं, सुईत नवा दोरा ओवला. तिसऱ्या खेपेला तो गेला. मग पट्टा बांधलेल्या हाताने, डोळ्यांनी एकेक टाका बघत, ती शिवण पुन्हा घातली. ठकी तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून शेवटपर्यंत बघत होती.

“आता बघ.”

ठकीने पुन्हा डोळे मिटले. त्या जागेवरून गाल एकदा नेला, परत आणला आणि खूप वेळ तिथेच ठेवला.

“आता नाही टोचत,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या झबल्यासाठी हात पुढे केला.